बरा असण्याचं कारण

सकाळी सकाळी आपलंच वाक्य आपल्या अंगावर धावून आलं तर माणसानं काय करावं, हे डॉक्टरकीच्या कुठल्याच वर्षाला शिकवत नाहीत. ती दवाखान्यात शिरली, पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली, आणि बिलांचं नि विम्याचं काम बघणाऱ्या नानांनी एक अक्षर न बोलता आपला स्क्रीन तिच्याकडे वळवला. नाना बोलत नाहीत म्हणजे मामला गंभीर, हे तिथल्या भिंतींनाही ठाऊक होतं. विमा कंपनीचं उत्तर आलं होतं. औषध नामंजूर. कारण द्यायच्या जागी कंपनीनं स्वतःचं डोकं चालवायचे कष्टच घेतले नव्हते. तिच्याच नोंदीतली वाक्यं उचलून तिथे मांडली होती. 'मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळते. रोज गाडी चालवतो. पोहायला लागला आहे. प्रकृती उत्तम.' आणि त्याखाली कंपनीची स्वतःची एवढीच ओळ: सबब औषधाची गरज दिसत नाही. तिनं ते आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. 'उत्तम' लिहिला ती दुपार तिला लख्ख आठवत होती. एरवी ती तो शब्द वापरायला फार चिक्कू. त्या दिवशी तिनं तो लिहिला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटलाही, समोरच्या माणसाला ऐकू जावा म्हणून. पेशंटच्या नोंदी त्याच्यासमोर, मोठ्यानं वाचत लिहायच्या, ही तिची जुनी खोड. आपल्याविषयी काय लिहिलं जातंय ते ज्याचं त्याला कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. आता ते कंपनीलाही कळलं होतं.

समोरचा माणूस म्हणजे शहर बसचा ड्रायव्हर. डेपोत त्याला सगळे खांब म्हणतात. पाठीचे मणके आतून सुजत जातात आणि हळूहळू एकमेकांना चिकटायला लागतात, असं त्याचं दुखणं. पहिल्यांदा तो दवाखान्यात आला तेव्हा मागून कुणी हाक मारली की नुसती मान वळायची नाही, अख्खा माणूस फिरायचा, म्हणून खांब. तेव्हा त्याला गाडीवरून काढून खिडकीवर तिकिटं द्यायला बसवलं होतं, आणि ते सांगताना त्याचा चेहरा असा झाला होता की जणू घरातून हाकलून दिलंय. मग हे औषध सुरू झालं. सूज उतरली. मणके चिकटायच्या वाटेवर होते ते थांबले. मान सुटली, गाडी परत मिळाली, नाव मात्र सुटलं नाही. खांब आता पोहतो म्हणे, डेपोतली पोरं त्याला चिडवतात. आणि या औषधाची गंमत अशी की मध्येच बंद केलं तर रुसतं. परत सुरू केल्यावर पहिल्यासारखं लागू पडेल याची खात्री कुणी देत नाही, आणि दरम्यान जे मणके चिकटतील ते चिकटले. ते सोडवायचं औषध अजून कुणी काढलेलं नाही. कंपनीचा नवा नियम नेमकं हेच सुचवत होता: पेशंट ठीक असेल तर औषध थांबवून बघावं, आजार परत आला तर नव्यानं अर्ज करावा. म्हणजे घर पेटतं का ते बघा, पेटलं तर पाणी मंजूर करू.

नानांनी तिला बजावलं नव्हतं असं नाही. कंपनीचं परिपत्रक आलं तेव्हाच त्यांनी ते तिच्या टेबलावर, चहाच्या कपाखाली ठेवलं होतं, म्हणजे कप उचलला की दिसेल. महागड्या औषधांना यापुढे दर खेपेला आधी मंजुरी घ्यावी लागणार होती, आणि डॉक्टरांच्या नोंदी आता माणूस नाही, मशीन चाळणार होतं. मशीनला भावना नसतात पण शब्द दिसतात. 'सुधारणा' दिसलं की बाजूला, 'स्थिर' दिसलं की बाजूला. 'उत्तम' तर त्याला लांबूनच दिसत असणार. बाकीच्या दवाखान्यांनी काळाची पावलं ओळखली होती. त्यांनी एक तयार परिच्छेद करून ठेवला होता, वेदना, जखडणे, झोप न लागणे, आणि तोच सगळ्यांना सरसकट चिकटवत होते. नानांनी त्याची एक प्रत मिळवली होती. ती वाचून तिला वाटलं, या शहरात कुणी अंथरुणातून उठतच नसेल. तेव्हा ती हसली होती आणि तो कागद बाजूला सारला होता. आता नानांनी तो पुन्हा काढून पुढे ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, खरं राहू द्या कपाटात. माणूस उभा राहू द्या." नाना वाईट माणूस नाहीत. स्वतःचा पगार मिळायचा राहिला असता तरी त्यांना चाललं असतं, पण पेशंटचं औषध अडलं की त्यांना जेवण जात नाही. म्हणूनच तिला त्यांच्यावर धड ओरडताही येईना.

तसं खोटं बोलण्याचं तिला वावडं नव्हतं. नव्या सोफ्याची किंमत तिनं नवऱ्याला आजतागायत खरी सांगितलेली नाही. सासूबाईंच्या हातचं सगळं तिला आवडतं, असं सासूबाई मरेपर्यंत समजत होत्या. मग इथेच घोडं का अडावं? एक शब्द बदलायचा. उत्तमचं बरं, बऱ्याचं बेताचं. तिनं कीबोर्ड ओढलासुद्धा. 'मान वळवताना त्रास' एवढं लिहिलं, आणि पुढचं अक्षर उमटेना. ही लाज नव्हती, भीतीही नव्हती. लहानपणी घरात दिवेलागणीची वेळ झाली आणि अजून दिवा कुणीच लावला नाही, अशा वेळी जे वाटायचं ते. ती उठून खिडकीशी गेली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई ओले कपडे झटकत होती, झटकताना हात डोक्याच्या वर नेत होती, अगदी सहज, विचारही न करता. तिला त्या बाईच्या हातांकडे बघत राहावंसं वाटलं. आईचे हात असे कधीच वर गेलेले तिला आठवत नव्हते.

आईला कुणी विचारलं, कशी आहेस, तर ती म्हणायची, मला काय धाड भरलीय. हे वाक्य घरात मिठासारखं होतं, रोज आणि सगळ्यात. आईच्या बोटांची पेरं सुजायची. ती बरणीचं झाकण दातांनी उघडायची आणि पोरींना सांगायची की असं पटकन होतं. उठताना ती स्वयंपाकघराच्या भिंतीला पंजा टेकायची, तिथला रंग काळपट झाला होता. वडील तो डाग दाखवून तिला हात धुवायला सांगत. थोरली बहीण एकदा म्हणाली, आई, तुझा हात बघू, तर आईनं तो पाठीमागे नेला, चोरी पकडल्यासारखा. घरी येणारे डॉक्टर भले गृहस्थ होते. दारातूनच विचारायचे, काय, बऱ्या ना? आई म्हणायची, बरी. ते मान डोलवून कागदावर लिहायचे, बरी. तपासायचे वडिलांना, कारण वडिलांना आपलं दुखणं सांगायची हौस होती. पुढे केव्हातरी एका मोठ्या दवाखान्यात कुणीतरी आईचा हात प्रत्यक्ष हातात घेऊन उघडून पाहिला, तोवर बोटं मिटलेली ती मिटलेलीच राहिली. वेणी घालायला, कणीक मळायला, पेन धरायला, कशालाच ती परत उघडली नाहीत. आणि जुने कागद काढून पाहिले तर ओळीनं बरी, बरी, बरी. तिला त्या शब्दाचा तेव्हा इतका संताप आला होता की डॉक्टर व्हायचं ठरलं ते बहुतेक त्याच दिवशी. आई गेली. संताप राहिला, आणि तो तिनं पोटच्या पोरासारखा जपला.

म्हणून तर ती पेशंटला कसे आहात असं विचारतच नाही. करून दाखवायला लावते. बाटली उघडा, बटण लावा, टेबलावरचं नाणं उचला. मानेचे पेशंट असले तर त्यांच्यासाठी घड्याळ आहे, ते पेशंटच्या खुर्चीच्या बरोब्बर मागे, उलट्या भिंतीवर टांगलेलं. टांगायला आलेल्या माणसानं तिला समजावलं होतं, बाई, खुर्चीत बसणाऱ्याला दिसणार नाही. ती म्हणाली, तेच पाहिजे. किती वाजले, असं ती सहज विचारते आणि पेशंट वळतो, किंवा वळू शकत नाही. खांब पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं बसल्या जागी खुर्चीसकट वळायचा प्रयत्न केला होता, खुर्ची करकरली होती आणि तो ओशाळून हसला होता. आणि मागच्या खेपेला त्यानं मान अशी फिरवली, खांद्यावरून थेट मागे, वेळ सांगितली, वर म्हणाला, "डॉक्टरबाई, तुमचं घड्याळ मागे आहे बरं का." तेव्हा तिनं 'उत्तम' लिहिला. तो शब्द तिनं विचारून लिहिलेला नव्हता. डोळ्यांनी पाहून लिहिला होता. तिच्या आयुष्यात या एका शब्दाची लाज राखली गेली होती, आणि आता तिनं स्वतःच्या हातानं तिथे त्रास लिहायचा होता, म्हणजे उद्या कुणी हे कागद काढले तर त्यांनाही ओळीनं खोटंच सापडणार. तिनं लिहिलेलं खोडलं. रिकामी चौकट कर्सर लुकलुकवत बसून राहिली.

दुपारी खांब आपल्या इंजेक्शनसाठी आला. नानांनी त्याला बाहेरच सगळं सांगून टाकलं होतं. नानांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तो आत आला तो एका हातानं कंबर धरून, मान ताठ, चेहऱ्यावर अशी वेदना की बाहेर बसलेल्या आजीबाईंनी त्याला जागा करून दिली. मग दार लावून तो हसला. कंपनीच्या माणसासमोर मी असाच चालेन, तो म्हणाला, गाडीवर लागण्याआधी कामगारांच्या नाटकात होतो, दोनदा बक्षीस आहे. तिला हसू आलं आणि त्याच क्षणी रागही. राग त्याचा नव्हता. एका धडधाकट माणसाला आपण धडधाकट नाही हे वठवून दाखवायची पाळी आली होती, आणि तो ते हौसेनं करायला तयार होता, कारण दुसरा रस्ताच नव्हता. आई दुखत असताना बरी म्हणायची. हा बरा असून दुखतं म्हणणार. दोन्हीकडे कागद खूश. तिनं त्याला बसवलं आणि विचारलं, तुमच्या डेपोचा डॉक्टर दरवर्षी तुम्हाला गाडीसाठी पास करतो, तो काय बघतो? खांब म्हणाला, काय बघणार, तुमचेच कागद मागवतो. म्हणाला आणि थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचं नाटक उतरत उतरत गेलं. दारात उभ्या असलेल्या नानांनी कपाळाला हात लावला. मान वळत नाही असं तिनं लिहिलं तर औषध मिळणार होतं आणि गाडी जाणार होती. वळते असं लिहिलं तर गाडी राहणार होती, औषध जाणार होतं, आणि थोड्या दिवसांनी गाडीही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधली वाट कंपनीनं नीट झाडून बंद केलेली. खांब आपल्या तळहातांकडे बघत म्हणाला, मग आता?

कंपनीची एक पळवाट होती. डॉक्टरनं डॉक्टरशी फोनवर बोलायचं. त्यांच्याकडचा डॉक्टर ऐकून घेतो आणि निकाल देतो. नानांनी सकाळीच वेळ घेऊन ठेवली होती, पण या फोननं कधी कुणाचं भलं झाल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. ती उठली, फ्रिजपाशी गेली आणि खांबचं इंजेक्शन बाहेर काढून टेबलावर ठेवलं. नानांच्या तोंडून अहो मॅडम एवढंच निघालं. हे औषध एकदा बाहेर काढलं आणि गार राहिलं नाही की परत आत ठेवता येत नाही. ते द्यायचं, नाहीतर फेकायचं. मंजुरी आली नाही तर भुर्दंड दवाखान्याचा, आणि हा दवाखाना असे भुर्दंड सोसायच्या लायकीचा नव्हता. तिला ते ठाऊक होतं. तिला ती औषधाची बाटली हळूहळू गारवा सोडताना बघायची होती. आपणही तशाच बाहेर आलो आहोत, आता आत जाणं नाही, असं काहीसं तिच्या मनात आलं आणि तिला अचानक फार बरं वाटलं. तिनं खांबला जागचं हलू नका म्हणून सांगितलं. फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. पलीकडे बराच वेळ बासरी वाजली. तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे, असं एक बाई पुन्हा पुन्हा सांगत होती, तेव्हा खांब हळूच म्हणाला, ही आमच्या बसमध्ये पण असते. त्यावर नानासुद्धा हसले.

मग एक पुरुषाचा आवाज आला. थकलेला, सभ्य. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी कानात ओतून घेतलेला. त्यानं खांबचा नंबर वाचला, नोंद वाचली. तिनं विचारलं, आपण कशाचे डॉक्टर? तो जरा अडखळून म्हणाला, कान-नाक-घसा. मणक्यांचा निकाल कानाचा डॉक्टर देणार. तिच्या जिभेवर बरंच काही आलं, पण ती एवढंच म्हणाली की मग ऐकायचं काम तुम्हाला चांगलं जमेल. पलीकडे बारीकसं हसू झालं, आणि त्या हसण्यानं तिला कळलं की तिथे खरोखरच माणूस आहे. तिनं औषधाविषयी सांगितलं, मणक्यांविषयी सांगितलं, मध्येच बंद केल्यानं काय होतं ते सांगितलं. तो हूं हूं करत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुमचं पटतंय मला. नोंदीतला शेवटचा शब्द तेवढा बदला, मी आत्ता पास करतो."

"तो शब्द खरा आहे."

"मला कळतंय. पण सिस्टीम घेत नाही."

"सिस्टीमला राहू द्या. पेशंट इथेच बसलाय, त्याला विचारा."

हे नियमात बसतं की नाही याचा विचार करायला त्याला वेळ लागला. खांब खुर्चीत सरळ झाला. तिनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं कंबरेवर हात नेला होता, ती खूण तिला कळली; तो अजूनही नाटक करू शकत होता, आणि तिनं त्याला अडवायचं नाही असं त्या क्षणी ठरवलं. मान त्याची, गाडी त्याची, तोंडही त्याचंच. आवाजानं विचारलं, काय काय त्रास होतो? खांबनं आधी घसा साफ केला. मग कंबरेवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"काही नाही साहेब," तो म्हणाला. "कुठेच दुखत नाही. सकाळी उठतो, गाडी काढतो. मागे बघायचं असेल तर बघतो. हे औषध घ्यायच्या आधी मला माझा पोरगा मागून आलेला दिसायचा नाही. आता माझ्यामागे साठ माणसं बसतात."

तो एवढंच बोलला. बोलून झाल्यावर त्याला वाटलं असावं की आपण घोळ केला, कारण तो तिच्याकडे अपराध्यासारखा बघू लागला. तिला त्याचा फार अभिमान वाटला. पलीकडचा माणूस हलक्या आवाजात म्हणाला की मग मला नाकारावं लागेल. ती म्हणाली, नाकारा. पण कागदावर नाही. तो ऐकतोय, त्याला तुमच्या तोंडानं सांगा की तुझी मान परत आखडू दे, मग आपण बघू. आणि तुमचं नाव सांगा, मी ते माझ्या नोंदीत लिहिणार आहे. तो म्हणाला, नाव सांगायची आम्हाला मुभा नाही. मग म्हणाला, "मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय."

"म्हणूनच तर बोलतेय," ती म्हणाली.

नाना दाराच्या कडीशी उगाच चाळा करत होते. ती फोनकडे बघत बसली होती. तिला घाई नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला असं वाटत होतं की गप्प राहण्याची पाळी दुसऱ्याची आहे. बाहेर आजीबाई कुणाला तरी सांगत होत्या की आत ड्रायव्हर फार कळवळतोय बिचारा. तिनं बाटली हातात घेतली. गारवा बहुतेक गेला होता. तिनं कापूस काढला, खांबला बाही वर करायला खुणावलं. पलीकडे श्वास ऐकू येत होता, म्हणजे त्यानं फोन ठेवलेला नव्हता. तिकडे काय चाललंय, त्यानं विचारलं. औषध देतेय, तिनं सांगितलं. अजून मंजुरी नाहीये, तो म्हणाला. मला माहीत आहे, ती म्हणाली. पुढच्या वेळी पण देणार आहे, आणि पुढच्या वेळी पण तुम्हाला फोन करणार आहे, तुम्ही नसाल तर तुमच्या जागी जो बसेल त्याला. सुई गेली तेव्हा खांबनं दुसरीकडे बघितलं, मान पूर्ण वळवून, एवढी मोठी गाडी हाकणारा माणूस सुईला मात्र घाबरतो.

"मंजूर करायचं म्हटलं तरी कारण टाकावं लागतं," तो आवाज शेवटी म्हणाला. तो आता आणखी खाली आला होता, शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये असा. "इथे यादी येते, त्यातलं एक निवडायचं. वेदना, सूज, जखडणे. बरा आहे म्हणून चालू ठेवा, असं कारण यादीत नाहीये."

"मग हातानं लिहा," ती म्हणाली.

पलीकडे कसला तरी खण उघडला, बंद झाला, दुसरा उघडला. मग तो माणूस फोन बाजूला धरून तिथल्या कुणाला तरी विचारत होता, जरा पेन देता का.